झोपून काढलेला ईसीजी

उभं राहिलं की गरगरतं, छातीत धडधडतं, अंघोळ करून बाहेर आलं की हातपाय गळून जातात, वर्गात शिकवलेलं डोक्यात शिरत नाही. अशा तक्रारी घेऊन एखादी वीस वर्षांची मुलगी दवाखान्यात जाते, तेव्हा तिची तपासणी ठरलेल्या क्रमाने होते. खुर्चीवर बसवून रक्तदाब घेतात. टेबलावर झोपवून ईसीजी काढतात. गरज वाटली तर डाव्या कुशीवर वळवून इको करतात. रक्त तपासायला पाठवतात. सगळे अहवाल नॉर्मल येतात आणि फाईल बंद होते. एवढ्या सगळ्यात तिला दहा मिनिटं उभं करून कुणी पाहिलेलं नसतं. तिचा त्रास उभं राहिल्यावर सुरू होतो, आडवं झाल्यावर ओसरतो, आणि तपासणी झालेली असते ती नेमकी त्रास नसलेल्या स्थितीत.

पोश्चरल टॅकिकार्डिया सिंड्रोम, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर ज्याला पॉट्स म्हणतात तो आजार, असा हातातून निसटतो. तो दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या अंदाजांनुसार लोकसंख्येच्या ०.२ ते १ टक्का लोकांना तो असावा. रुग्णांमध्ये बायकांचं प्रमाण फार मोठं, आणि सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ४,८०० हून अधिक रुग्णांनी आपली हकिगत लिहून पाठवली होती. त्यांत ९४ टक्के स्त्रिया होत्या, आणि आजार सुरू झाल्याचं सर्वांत जास्त वेळा नोंदवलेलं वय होतं १४ वर्षं. निदान होईपर्यंत अनेकांची वर्षं गेली होती, आणि त्याआधी बहुतेकांना त्रास मानसिक असल्याचं सांगितलं गेलं होतं.

हा आजार समजून घ्यायचा तर आधी निरोगी माणूस उभा कसा राहतो ते पाहावं लागतं. आपण आडवे असतो तेव्हा छातीत भरपूर रक्त असतं आणि हृदयाला ते सहज मिळतं. उठून उभं राहताक्षणी अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली उतरतं आणि पोटातल्या, मांड्यांतल्या, पोटऱ्यांतल्या शिरांमध्ये साठतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, त्यामुळे दर ठोक्याला बाहेर फेकलं जाणारं रक्तही घटतं. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या फुगीर भागात आणि महाधमनीच्या कमानीत रक्ताचा दाब जोखणारे मज्जातंतू असतात. त्यांना हा बदल एक-दोन ठोक्यांतच कळतो. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला कळवतात, आणि तिथून दोन गोष्टी होतात. हृदयाला आवर घालणारी व्हेगस नस आपला आवर सैल करते, आणि सिम्पथेटिक मज्जातंतू नॉरॲड्रेनलिन सोडून रक्तवाहिन्या आवळतात, विशेषतः पोटातल्या. नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढते आणि मिनिटभरात सारं स्थिरावतं. पोटऱ्यांचे स्नायूही चालताना शिरा पिळून रक्त वर ढकलत असतात. दिवसातून शंभरदा हे घडतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

पॉट्समध्ये या साखळीतली एखादी कडी कमी पडते. रक्तवाहिन्या पुरेशा आवळत नाहीत, किंवा शरीरात रक्तच कमी असतं, किंवा सिम्पथेटिक मज्जातंतू गरजेपेक्षा जोरात काम करतात. शरीर उरलेल्या एका उपायावर सगळा भार टाकतं, तो म्हणजे हृदयाचा वेग. तळाच्या हौदात पाणीच कमी असेल तर मोटर कितीही पळवली तरी गच्चीवरच्या टाकीत धार बारीकच पडते, तसं काहीसं इथे होतं. दंडावर मोजलेला रक्तदाब टिकून राहतो, पण मेंदूकडे जाणारा प्रवाह अनेकांमध्ये कमी होतो. त्यात श्वास नकळत जलद झाला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि त्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. रुग्ण म्हणतात, डोकं जड झालं, समोरचा काय बोलतोय ते ऐकू येतं पण अर्थ लागत नाही. हे त्यांचं वर्णन अगदी नेमकं असतं.

वैद्यकीय व्याख्या आकड्यांत आहे. उभं राहिल्यापासून १० मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढली पाहिजे आणि वाढलेली राहिली पाहिजे. १२ ते १९ या वयात निरोगी मुलांचीही नाडी बरीच वाढते, म्हणून त्यांच्यासाठी हा आकडा ४० आहे. रक्तदाब मात्र कोसळता कामा नये. वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर तो वेगळा विकार. त्रास किमान ३ महिने चाललेला हवा आणि त्याचं दुसरं कारण सापडलेलं नको.

या चाचणीला लागतं काय? एक पलंग, एक घड्याळ आणि नाडी दाखवणारं रक्तदाबाचं यंत्र. रुग्णाला शांत खोलीत ५ ते १० मिनिटं झोपवायचं आणि आकडे लिहायचे. मग उभं करायचं. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, खांदे भिंतीला टेकलेले, चुळबुळ नाही, बोलणं नाही. शेजारी कुणीतरी हवंच, आणि मागे बसायला खुर्ची. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला नोंद करायची. पॉट्स असलेल्या तरुणीची नोंदवही साधारण अशी दिसते. झोपलेली असताना नाडी ७२, रक्तदाब ११०/७०. पहिल्या मिनिटाला नाडी ९८. तिसऱ्याला १०८. पाचव्याला ११६, आणि इथे ती सांगते की छातीत धडधडतंय, हाताला कंप सुटलाय. सातव्या-आठव्या मिनिटाला पावलांकडे पाहावं. घोट्यांपासून खाली कातडी लालसर जांभळी झालेली असते, बोटाने दाबलं तर पांढरा ठसा उमटतो आणि सावकाश भरतो. दहाव्या मिनिटाला नाडी १२४, रक्तदाब ११२/७८. आडवी झाली की दोन-तीन मिनिटांत नाडी पुन्हा ऐंशीच्या आसपास येते आणि चेहऱ्यावर रंग परततो.

ही चाचणी सकाळी करावी. पॉट्समध्ये नाडीची वाढ सकाळी जास्त असते, दुपारनंतर तीच मुलगी निकषात बसेलच असं नाही. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत टिल्ट टेबल असतं. त्यावर रुग्णाला पट्ट्यांनी बांधून टेबल ६० ते ७० अंशांत उभं करतात आणि सलग नोंद घेतात. निदान अवघड असेल तेव्हा ते उपयोगी आहे, पण तालुक्याच्या गावी ते नाही म्हणून निदान अडून राहावं असं काही नाही. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ नाडी दाखवतं, तेवढ्यावर मात्र विसंबू नये. चालल्याने, चहाने, घाईनेही नाडी वाढते, आणि घड्याळाला रक्तदाबाचा भरवशाचा आकडा सांगता येत नाही.

आपल्याकडे या निदानाच्या आधी एक गोष्ट काटेकोरपणे पाहायला हवी, ती म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन उतरलेलं असलं की उभं राहिल्यावर नाडी वाढते, दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, गरज असेल तर सकाळचं कॉर्टिसोल, चालू असलेल्या गोळ्यांची यादी हे सगळं पाहून झाल्याशिवाय पॉट्स म्हणू नये. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोहाच्या गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन १२.५ वर आलं आणि तरी मुलगी प्रार्थनेच्या रांगेत उभी राहू शकत नाही, तेव्हा 'अशक्तपणा आहे, टॉनिक घे' म्हणून तिची बोळवण करणं हा अन्याय आहे. व्यायाम करताना शुद्ध जाणं, धाप आणि छातीत दुखणं, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, किंवा झोपलेलं असतानाही नाडी शंभरीच्या वर राहणं, यांपैकी काही असेल तर आधी हृदयतज्ज्ञांकडे जावं.

आता त्या जुन्या आरोपाकडे वळू, की हे सगळं मनाचं आहे. या आजाराचा आणि त्या आरोपाचा इतिहास लांबचा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात जेकब मेंडिस डा कोस्टा नावाच्या डॉक्टरसमोर धडधड, छातीत दुखणं, चक्कर आणि थकव्याने बेजार झालेले सैनिक येत होते. तीनशेहून अधिक सैनिकांच्या निरीक्षणावर त्याने १८७१ साली लेख लिहिला. त्यांतल्या अनेकांना आधी ताप किंवा जुलाब झाले होते, आणि त्यांची नाडी शरीराच्या स्थितीप्रमाणे झपाट्याने बदलते हेही त्याने टिपलं होतं. पहिल्या महायुद्धात लंडनमध्ये टॉमस लुईस यांनी अशाच सैनिकांचा अभ्यास केला आणि चढत्या क्रमाच्या कवायतींचा उपयोग करून पाहिला. पुढे १९४१ साली पॉल वुड या नामवंत हृदयतज्ज्ञांनी आपल्या व्याख्यानांत हा प्रकार मनोविकारात टाकला, आणि त्यांचा शब्द वजनदार असल्यामुळे तो बराच काळ तिथेच राहिला. मेयो क्लिनिकमध्ये काम करणारे शॉन्डॉर्फ आणि लो यांनी १९९३ साली या लक्षणसमूहाची मोजमापासह मांडणी केली, तेव्हा कुठे तो मज्जासंस्थेच्या आजारांत आला. डा कोस्टाचा प्रत्येक सैनिक पॉट्सचाच होता असं कुणी म्हणू शकणार नाही. पण पडताळण्याजोगी शारीरिक खूण समोर असतानाही वैद्यकाने ती दीर्घकाळ बाजूला ठेवली, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

भीतीने नाडी वाढते का, हा प्रश्न २००७ साली मेयो क्लिनिकच्याच संशोधकांनी प्रयोगाने सोडवला. तो प्रयोग इतका नेटका आहे की तपशिलात सांगावासा वाटतो. पॉट्सचे १४ रुग्ण आणि १० निरोगी माणसं घेतली. त्यांना झोपवून कमरेखालचा भाग एका हवाबंद पेटीत ठेवला आणि पंपाने पेटीतली हवा खेचली, म्हणजे उभं राहिल्यावर उतरतं तसं रक्त पायांकडे उतरलं. रुग्णांची नाडी ३९ ठोक्यांनी वाढली, निरोगी माणसांची १९ ने. मग तीच हवा खेचली, पण त्या आधी पायांत घातलेली विजार किंचित फुगवून रक्त खाली उतरू दिलं नाही. बाकी सगळं तसंच, आवाज तोच, पेटी तीच. रुग्णांची नाडी फक्त ९ ने वाढली. नंतर नुसता पंप चालू ठेवला, हवा खेचलीच नाही. नाडी वाढलीच नाही. शेवटी मानसिक ताणाची चाचणी दिली. तिच्यात रुग्णांची वाढ १८ आणि निरोगी माणसांची १९, म्हणजे जवळजवळ सारखी. रुग्णांच्या मनात काळजी जास्त होती, हे प्रश्नावलीतून दिसलं. पण त्या काळजीचा आणि नाडीच्या उसळीचा संबंध लागला नाही. नाडी धावत होती ती रक्त खाली गेल्यामुळे.

कुणाला नैराश्य किंवा चिंतेचा विकार स्वतंत्रपणे असू शकतो, आणि त्यावर उपचार घ्यायला संकोच नको. फक्त त्या उपचाराने पायांत साठलेलं रक्त वर येणार नाही, हे घरच्यांनी आणि डॉक्टरांनी ध्यानात ठेवावं. नॉरॲड्रेनलिनचा प्रभाव वाढवणाऱ्या काही मानसोपचारातल्या गोळ्यांनी उलट नाडी आणखी वाढू शकते, तेव्हा गोळी निवडताना पॉट्सचा उल्लेख आवर्जून करावा.

कारणं एकाहून अधिक आहेत, आणि एकाच रुग्णात दोन-तीन मिसळलेली असू शकतात. काहींच्या पायांतल्या बारीक मज्जातंतूंना इजा झालेली असते, म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या आवळत नाहीत. घामाच्या विशेष चाचणीत पावलांना घाम कमी येतो, त्यावरून हे ओळखता येतं. काहींच्या रक्तात उभं राहिल्यावर नॉरॲड्रेनलिन भलतंच वाढतं, त्यांना घाम, थरथर आणि डोकेदुखी जास्त. टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना एका जुळ्या बहिणींच्या जोडीत नॉरॲड्रेनलिन परत पेशीत खेचून घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला, ते संशोधन २००० साली प्रसिद्ध झालं. असा दोष फार थोड्यांत असतो, पण त्याने एक कडी स्पष्ट दाखवून दिली. आणखी काहींच्या शरीरात रक्तद्रवच कमी असतो. याच विद्यापीठातल्या एका अभ्यासात ही तूट सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास निघाली. विशेष म्हणजे पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाने रेनिन सोडावं आणि अल्डोस्टेरॉनने मीठ राखून धरावं, तेच इथे होत नाही. रक्त कमी असूनही शरीर मीठ-पाणी धरून ठेवत नाही. पुढे मिठाबद्दल जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे.

सुरुवात अनेकदा एखाद्या विषाणूजन्य तापानंतर होते. शस्त्रक्रिया, बाळंतपण, डोक्याला मार हेही निमित्त ठरतं. सांधे गरजेपेक्षा लवचिक असलेल्या, एहलर्स-डॅनलॉस प्रकारच्या संयोजी ऊतकांच्या विकारातही पॉट्स बराच आढळतो. कोविडनंतर हे चित्र जगभर ठळक झालं. ताप उतरून महिने झाले तरी जिना चढवत नाही, उभं राहून फोडणी घालवत नाही, अशी माणसं सगळीकडे दिसू लागली आणि त्यांतल्या काहींची उभ्याची नाडी मोजल्यावर पॉट्स निघाला. अमेरिकेतल्या आजारांच्या संकेतयादीत पॉट्सला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये.

उपचाराचा पाया मीठ आणि पाणी. दिवसाला २ ते ३ लिटर पाणी आणि एकूण १० ते १२ ग्रॅम मीठ, असा सल्ला तज्ज्ञांच्या २०१५ च्या सहमतीपत्रात आहे. जागतिक आरोग्य संघटना इतर सर्वांना ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे हा सल्ला बरोबर उलटा आहे. म्हणूनच तो औषधासारखा समजावा. रक्तदाब जास्त असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये. घरातल्या सगळ्यांच्या आमटीत मीठ वाढवणं तर अजिबात नको. आजोबांना रक्तदाबाची गोळी चालू असते आणि नातीला मीठ हवं असतं, तेव्हा भाजी-आमटी नेहमीसारखीच करावी आणि नातीने आपल्या ताटात वेगळं घ्यावं. मीठ घातलेलं ताक, लिंबाचं लोणचं, खारवलेले शेंगदाणे, पापड यांची सवय आपल्या जेवणाला आहेच.

जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, इथे मोलाची आहे. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले. आतड्यात साखर आणि मीठ बरोबरीने शोषलं जातं आणि पाणी त्यांच्यामागे जातं, हे त्याचं सूत्र. न्यूयॉर्क राज्यातल्या संशोधकांनी २०१९ साली हेच पाणी पॉट्सच्या किशोरवयीन रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा उभं राहण्याची सहनशक्ती शिरेतून सलाइन दिल्याइतकीच सुधारली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट घ्यावं आणि त्यावर लिहिल्याप्रमाणे १ लिटर पाण्यात संपूर्ण विरघळवावं. डब्यात मिळणारी, जलसंजीवनीसारखी भासणारी गोड पेयं घेऊ नयेत, त्यांत साखर जास्त आणि मीठ कमी असतं. सलाइनची बाटली लावून घेतली की दोन दिवस बरं वाटतं, म्हणून दर आठवड्याला ती लावून घेण्याकडे ओढा होतो. शिरेतला जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका पाहता ती सवय लावून घेऊ नये.

सकाळचा पहिला तास सर्वांत वाईट असतो. उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवावा आणि उठण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी दोन-चार मिनिटांत पिऊन टाकावं. घोटघोट प्यायलेल्या पाण्यापेक्षा असं एकदम प्यायलेलं पाणी उभ्याची नाडी जास्त आवरतं. मग पलंगावरच पावलं वरखाली हलवावीत, पाय खाली सोडून बसावं, आणि नंतर उभं राहावं. पलंगाच्या डोक्याकडच्या खुरांखाली विटा लावून ती बाजू चार-सहा इंच उंच केली तर रात्रीतून लघवीवाटे जाणारं मीठ-पाणी काहीसं राहतं.

अंघोळ हा या रुग्णांचा रोजचा घात आहे. कढत पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, कोंदट न्हाणीघरात वाफ साठलेली असते, आणि त्यात उभं राहून शॉवर घेतला की अंधारी ठरलेली. आपली बादली-तांब्याची बसून करायची अंघोळ यासाठी उत्तम आहे. स्टूल उंचसं घ्यावं, पाणी कोमट ठेवावं, दाराला आतून कडी लावू नये, आणि संपताना तांब्याभर गार पाणी पायांवर घ्यावं. केस धुवायचा दिवस परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या दिवशी ठेवू नये, कारण त्यात हात वर धरून राहावं लागतं आणि दमणूक दुप्पट होते. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावरून झटकन उठणंही टाळावं, नळाला किंवा भिंतीला धरून थांबत थांबत उठावं.

स्वयंपाकघरात ओट्यापाशी निश्चल उभं राहणं चालण्यापेक्षा कठीण जातं, कारण पोटऱ्यांचे स्नायू थांबलेले असतात. सुनेला बाजारात फिरता येतं आणि पोळ्या लाटायला उभं राहता येत नाही, यावरून घरात गैरसमज होतात. ही आळसाची लक्षणं नाहीत, शिरांची आहेत. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवावं, भाजी जमिनीवर मांडी घालून विळीवर चिरावी, कणीक परातीत बसून मळावी. आमच्या आज्यांचं स्वयंपाकघर बैठं होतं, या आजारासाठी तेच सोयीचं.

रांगेत, आरतीला, लोकलच्या गर्दीत उभं राहणं टळत नसेल तर काही युक्त्या खरोखर उपयोगी पडतात. पाय एकमेकांवर अढी घालून मांड्या घट्ट आवळायच्या. टाचा वरखाली करत राहायचं. मुठी आवळून धरायच्या. अंधारी येतेय असं वाटलं तर चपलेचा पट्टा नीट करायला वाकल्यासारखं उकिडवं बसायचं, त्याने पायांतलं आणि पोटातलं रक्त क्षणात वर येतं. तरी येतच असेल तर लाज सोडून आडवं व्हायचं आणि पाय उंचावर ठेवायचे. आजूबाजूच्यांनी उचलून खुर्चीत बसवण्याची घाई करू नये, त्याने शुद्ध यायला उशीर होतो. पोटाभोवती घट्ट पट्टा आणि कमरेपर्यंतचे दाब देणारे मोजे यांनीही नाडी आवरते. फक्त पोटऱ्यांपर्यंतच्या मोज्यांचा उपयोग कमी. मे महिन्यात कमरेपर्यंतचे मोजे घालवणार नाहीत हे उघड आहे, अशा वेळी निदान पोटपट्टा वापरावा, बाळंतपणानंतर बांधतात तसा.

जेवण एकदम पोटभर घेऊ नये. भरपूर भात-साखरेच्या जेवणानंतर रक्त पोटाकडे जातं आणि तासभर डुलकी, धडधड आणि मळमळ चालते. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं, त्यात डाळ, अंडी, दही असावं. उपवासाचं मात्र स्पष्ट सांगते. हरतालिकेसारखा निर्जळी उपवास या रुग्णांनी करू नये. घरातल्या मोठ्यांनी हे स्वतःहून सांगितलं तर मुलीला संकोचाने खोटं बोलावं लागत नाही. एकादशी करायचीच असेल तर मिठाचं ताक, शहाळं आणि पाणी चालू ठेवून करावी.

व्यायामाबद्दल सर्वांत जास्त गोंधळ आहे. 'रोज सकाळी चालायला जा' हा सल्ला या रुग्णाला पहिल्याच आठवड्यात आडवं पाडतो. डॅलसमधल्या संशोधकांनी वापरलेला क्रम वेगळा आहे. सुरुवात आडव्या किंवा बसलेल्या स्थितीत करायची, जसं पोहणं, वल्हवण्याचं यंत्र, पाठ टेकवून चालवायची सायकल. तीन-चार महिन्यांत हळूहळू उभ्याच्या व्यायामाकडे यायचं. यंत्रं नसतील तर सतरंजीवर पाठीवर झोपून पाय हवेत सायकलसारखे फिरवावेत, सेतुबंधासन करावं, पोटऱ्या आणि मांड्यांना ताण द्यावा. सूर्यनमस्कारात डोकं सारखं खाली-वर होतं, ते शेवटच्या टप्प्यात ठेवावेत. पहिले चार-सहा आठवडे थकवा उलट वाढल्यासारखा वाटतो आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. ज्यांना थोड्या श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूणच धरावं लागतं, विशेषतः कोविडनंतर, त्यांनी मात्र हा क्रम रेटून नेऊ नये, त्यांचं गणित वेगळं असतं.

औषधं आहेत, पण खास पॉट्ससाठी मंजूर झालेलं एकही नाही. डॉक्टर इतर आजारांची औषधं अनुभवाने वापरतात. प्रोप्रॅनोलॉल अगदी कमी मात्रेत, २० मिलिग्रॅमच्या आसपास, जास्त मात्रेपेक्षा बरं काम करतं. दमा असेल तर ते चालत नाही. आयव्हाब्रॅडिन हृदयाचा वेग कमी करतं आणि रक्तदाबाला धक्का लावत नाही, २०२१ च्या एका छोट्या चाचणीत त्याने रुग्णांचं रोजचं जगणं सुधारलं. गर्भारपणात ते घेता येत नाही. मिडोड्रिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून ते घेऊन आडवं होऊ नये. फ्लुड्रोकॉर्टिसोन मीठ धरून ठेवतं, त्यावर असताना पोटॅशियम तपासत राहावं लागतं. कुणाला काय लागू पडेल हे आधी सांगता येत नाही, एकेक करून, आकडे लिहीत पाहावं लागतं.

शाळा आणि कॉलेजला एक पत्र द्यावं, शक्यतो डॉक्टरांच्या सहीचं. त्यात चारच मागण्या असाव्यात. प्रार्थनेला बसायची मुभा, वर्गात पाण्याची बाटली, लिफ्टची परवानगी, आणि परीक्षेत मध्येच पाय उंच ठेवून पाच मिनिटं पडायची सोय. मुलं यातून बहुधा सावरतात. मेयो क्लिनिकने किशोरवयात निदान झालेल्या रुग्णांना साधारण पाच वर्षांनी गाठलं, तेव्हा पाचांत एक पूर्ण बरा झाला होता आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांचा त्रास कमी झाला होता. मोठ्या वयात सुरू झालेल्यांत सुधारणा सावकाश होते. मधूनच आजार उलटतो. फ्लूचा ताप, जुलाब, पाळीचे दिवस, उन्हाळ्यातला प्रवास ही ठरलेली निमित्तं. त्या आठवड्यात व्यायाम पुन्हा सतरंजीवरच्या टप्प्यावर आणावा, जलसंजीवनीची पाकिटं आधीच घरात असावीत, आणि पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे जाताना झोपल्याची आणि उभ्याची नाडी लिहिलेली वही बरोबर न्यावी.